पोलिसांचा व्हिडिओ काढणं गुन्हा आहे का? कायदा काय सांगतो आणि नाक्यावर काय घडतं

आठवडी बाजाराचा दिवस. तालुक्याच्या नाक्यावर मोटारसायकली अडवल्या जातात. लायसन कुठंय, पीयूसी कुठंय, साहेबांना भेट, अशी हुज्जत सुरू होते. बाजूला उभा असलेला एखादा पोरगा खिशातून मोबाईल काढतो. लगेच आवाज येतो, "ए, शूटिंग बंद कर! गुन्हा दाखल करू का तुझ्यावर?" पोरगा मोबाईल परत खिशात घालतो आणि बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो.

असा प्रसंग पाहिला नाही असं गाव सापडणार नाही. पण त्या धमकीत किती दम आहे? व्हिडिओ काढला म्हणून खरंच गुन्हा होतो का? सरकारला आणि पोलिसांना आपला कॅमेरा बंद करायचा अधिकार नेमका किती?

आधी थोडक्यात उत्तर. रस्त्यावर, चौकात, बाजारात ड्युटी करणाऱ्या पोलिसाचा व्हिडिओ काढणं हाच गुन्हा आहे, असं म्हणणारं कलम भारतीय न्याय संहितेत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही नाही. पण "नागरिकाला व्हिडिओ काढू द्या, अडवू नका" असं पोलिसाला बजावणारं कलमही महाराष्ट्रात नाही. बंदी नाही आणि संरक्षणही नाही, अशी ही मधली जागा आहे. सगळी दमदाटी याच जागेत चालते.

वर्धा आणि पाथर्डी: दोन निकाल

हा प्रश्न आपल्याच भागातून दोनदा मुंबई उच्च न्यायालयात गेला.

पहिलं प्रकरण वर्ध्याचं. २०१८ साली शेजाऱ्याशी झालेल्या वादातून एक गृहस्थ पत्नीसह पोलीस ठाण्यात गेले होते. तिथं चाललेल्या बोलण्याचं ते मोबाईलवर शूटिंग करत होते. पोलिसांच्या ते लक्षात आलं आणि गुन्हा दाखल झाला. कोणत्या कायद्याखाली? शासकीय गोपनीयता कायदा, १९२३. इंग्रजांच्या काळात हेरगिरी रोखण्यासाठी केलेला हा कायदा. लष्करी तळ, दारूगोळ्याचे कारखाने, युद्धनौका यांची माहिती शत्रूला पुरवणाऱ्यांसाठी त्यात १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेजाऱ्याच्या भांडणासाठी ठाण्यात आलेल्या माणसावर तो कायदा लावला गेला.

जुलै २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं हा गुन्हा रद्द केला. न्यायालयानं सरळ कायद्यातली व्याख्या पाहिली. या कायद्यात 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे काय, याची यादीच दिलेली आहे. त्या यादीत पोलीस ठाणं नाही. म्हणून ठाण्यात व्हिडिओ काढला तरी तो या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही.

दुसरं प्रकरण पाथर्डीचं, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. दोन भावांनी ठाण्यात पोलीस अधिकाऱ्याशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं. २०२२ साली त्यांच्यावरही हाच गोपनीयता कायदा लावला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानंही तेच सांगितलं: पोलीस ठाणं हे प्रतिबंधित ठिकाण नाही, हा कायदा इथं लागू होत नाही.

आता तारखा पुन्हा बघा. वर्ध्याच्या माणसाला २०१८ ते २०२२ अशी चार वर्षं लागली. पाथर्डीच्या भावांची दोन वर्षं गेली. निकाल बाजूनं लागला हे खरं, पण मधल्या काळातला वकील, नागपूर-संभाजीनगरच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि गावात "याच्यावर केस आहे" ही चर्चा कोण भरून देणार? कायद्यात नसलेला गुन्हा लावला, तरी माणसाचं नुकसान व्हायचं ते होतंच. नाक्यावरच्या पोरानं मोबाईल खिशात घातला तो याच भीतीनं. कायद्याचं पुस्तक त्यानं वाचलेलं नसतं, पण कोर्टाच्या फेऱ्या त्याला ठाऊक असतात.

मग पोलीस बोट कुठल्या कलमावर ठेवतात?

गोपनीयता कायदा आता चालणार नाही, हे दोन निकालांनी स्पष्ट झालं. पण इतर रस्ते उरतातच. ते नीट समजून घ्या.

एक, "३५३ लावतो." जुन्या भारतीय दंड संहितेचं हे कलम गावोगावी पाठ झालेलं आहे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आणि हे कलम आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ झालं. सरकारी नोकराला काम करू न देण्यासाठी त्याच्यावर हल्ला करणं किंवा बळाचा वापर करणं, हा यातला गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र. पण यात हल्ला किंवा बळ असावं लागतं. चार हात लांब उभं राहून मोबाईल धरणं म्हणजे बळाचा वापर नव्हे. तेच मोबाईल तोंडासमोर नाचवताना धक्का लागला, हात झटकला, कॉलर धरली, तर तुम्ही स्वतःच हे कलम ओढवून घेता.

दोन, कामात अडथळा. हे कलम २२१. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. हा गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र, म्हणजे याच्यासाठी पोलीस वॉरंटशिवाय थेट अटक करू शकत नाहीत. दमदाटीत २२१ ऐवजी ३५३ चंच नाव का निघतं, याचं कारण यात सापडेल.

तीन, जमावबंदी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ (जुनं १४४) यांखाली मनाई आदेश निघतात. असा आदेश लेखी असतो, तो जाहीर करावा लागतो, आणि त्यात कशाला मनाई आहे ते लिहिलेलं असतं. नुसतं "वरून आदेश आहे" हे पुरेसं नाही. मात्र पाचजण जमायला मनाई असताना तुम्ही पंधराजण घेऊन शूटिंगला उभे राहिलात, तर तिथं गुन्हा जमावाचा होईल.

चार, आणि याच्याकडे अजून फार कुणाचं लक्ष गेलेलं नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७२ आलं आहे. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस जी प्रतिबंधक कारवाई करतात, त्या कामात त्यांनी दिलेला कायदेशीर आदेश सगळ्यांनी पाळला पाहिजे, असं ते सांगतं. न पाळणाऱ्याला पोलीस तिथून हटवू शकतात किंवा ताब्यात घेऊ शकतात. किरकोळ बाब असेल तर २४ तासांच्या आत सोडायचं. "मागं सरका, जागा मोकळी करा" हा आदेश यात बसतो. "मोबाईल बंद करा" हा बसतो का? कलमात मोबाईल किंवा चित्रीकरण असा शब्दच नाही. आदेश कायदेशीर हवा, एवढंच म्हटलंय. तो कायदेशीर होता की नव्हता हे कोर्ट पुढं ठरवणार, पण ताब्यात तुम्हाला त्याच दिवशी घेणार. सरकारच्या हातात आज जो अधिकार आहे, तो असा सैल शब्दांतून येतो.

मोबाईल हिसकावला, व्हिडिओ डिलीट करायला लावला तर?

पोलिसाला वस्तू जप्त करायचा अधिकार आहे. संहितेच्या कलम १०६ प्रमाणे चोरीची वाटणारी किंवा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेली वस्तू जप्त करता येते. पण त्याची पद्धत आहे. जप्तीचा पंचनामा व्हायला हवा, वस्तू घेतल्याची नोंद हवी, आणि जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मोबाईल परत मिळवण्यासाठी कलम ४९७ किंवा ५०३ खाली कोर्टात अर्ज करता येतो. सुपूर्दनामा म्हणतात तो हाच. कागद न करता मोबाईल काढून घेणं आणि संध्याकाळी "ये घेऊन जा" म्हणणं याला जप्ती म्हणत नाहीत.

आणि डिलीट करायला लावणं? असा अधिकार कुठल्याच कलमानं पोलिसाला दिलेला नाही. उलट व्हिडिओत गुन्हा दिसत असेल, तर तो पुरावा आहे. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे. पुसणारा खाकीत असला तरी कलम तेच. बहुतेक मोबाईलमध्ये डिलीट केलेला व्हिडिओ काही दिवस 'ट्रॅश' किंवा 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये राहतो, हेही ध्यानात ठेवा.

मोबाईलचा पॅटर्न किंवा पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर देशातल्या न्यायालयांनी वेगवेगळी मतं दिली आहेत. राज्यघटनेचं कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडू नका असं सांगतं. पासवर्ड त्यात मोडतो का, हा वाद चालू आहे. म्हणून असा प्रसंग आला तर आधी वकिलाशी बोलू द्या, एवढं शांतपणे म्हणावं.

पोलिसांचीही बाजू आहे

ही बाजू टाळून चालणार नाही. नाक्यावर उन्हात आठ-दहा तास उभ्या असलेल्या हवालदाराच्या तोंडाजवळ मोबाईल नेऊन त्याला मुद्दाम चिडवायचं, मग तो चिडला तेवढाच पंधरा सेकंदांचा तुकडा स्टेटसला टाकायचा, हेही प्रकार होतात. आधीची शिवी कापायची आणि नंतरची काठी दाखवायची. गणवेश घातला म्हणून त्या माणसाला घरदार नाही असं नाही.

शिवाय काही गोष्टी खरोखरच काढू नयेत. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पोक्सो आणि बाल न्याय कायदा आणखी कडक आहेत. बाईची झडती, अपघातात कपडे फाटलेली व्यक्ती, ठाण्यात तक्रार द्यायला आलेली सून, यांच्यावर कॅमेरा धरणं चुकीचंच. संशयित म्हणून पकडलेला माणूसही कोर्टानं दोषी ठरवेपर्यंत फक्त संशयित असतो.

व्हिडिओ आणि अफवा यांनी काय होतं, हे धुळे जिल्ह्यानं पाहिलंय. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्या काळात मोबाईलवर मुलं चोरणाऱ्यांचे मेसेज आणि व्हिडिओ फिरत होते. मोबाईल हातात असला म्हणजे माणूस आपोआप शहाणा होत नाही.

पण या सगळ्या कारणांसाठी वेगवेगळी कलमं आधीच आहेत. खोटा व्हिडिओ, अफवा, पीडितेची ओळख, धक्काबुक्की, प्रत्येकाला कायदा आहे. म्हणून सरसकट "कॅमेरा बंद" म्हणायला ती कारणं पुरत नाहीत.

सरकारलाही कॅमेरा हवाच आहे

गंमत अशी की मोबाईलचं शूटिंग पुराव्यासाठी चांगलं असतं, हे सरकारनं स्वतःच कायद्यात लिहून ठेवलंय. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार घराची झडती आणि जप्ती यांचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करणं पोलिसांना बंधनकारक आहे, आणि ते शक्यतो मोबाईलवर करावं असं त्यात म्हटलं आहे. ते रेकॉर्डिंग विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. म्हणजे तुमच्या घरात झडती झाली, तर "साहेब, शूटिंग चालू आहे ना?" हे तुम्ही विचारायला हवं.

सर्वोच्च न्यायालय तर त्याच्याही आधी बोललं. २ डिसेंबर २०२० च्या निकालात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा आदेश झाला. गेट, लॉकअप, व्हरांडा, ठाणे अंमलदाराची जागा, सगळीकडे. चित्रासोबत आवाजही हवा. रेकॉर्डिंग १८ महिने जपायचं, आणि कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नाही. ठाण्यात कॅमेरे आहेत आणि आपल्याला कोणते हक्क आहेत, हे स्थानिक भाषेत दारातच फलकावर लिहायचं. लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर समिती, आणि त्या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्यासोबत ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुखही.

हे का करावं लागलं, ते तमिळनाडूतल्या सातानकुळम् ठाण्यानं दाखवलं होतं. जून २०२० मध्ये तिथं पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर बाप-लेकाचा मृत्यू झाला. चौकशीला गेलेल्या दंडाधिकाऱ्यांना दिसलं की ठाण्यात कॅमेरे होते, जागाही शिल्लक होती, पण रेकॉर्डिंग रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल अशी व्यवस्था केलेली होती. निकालानंतरही परिस्थिती पुरती सुधारली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांमध्ये चालू सीसीटीव्ही नसल्याच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

ठाण्यातला कॅमेरा पोलिसांच्याच ताब्यात असतो. तो बंद असला की सामान्य माणसाकडं स्वतःच्या मोबाईलशिवाय दुसरं काय असतं?

जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचं उदाहरण ताजं आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी तिथल्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. दगडफेकीत पोलीसही जखमी झाले. सुरुवात कुणी केली यावर दोन्ही बाजूंनी दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. पण गावकऱ्यांच्या मोबाईलमधली दृश्यं तासाभरात राज्यभर पोहोचली, आणि काही दिवसांतच गृहखातं सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनी सरकारच्या वतीनं माफी मागितली. दृश्यं नसती तर हे प्रकरण अंबड तालुक्याच्या बाहेर कितपत गेलं असतं, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

केरळनं एका वाक्यात प्रश्न सोडवला

महाराष्ट्राचा पोलीस कायदा १९५१ चा. तेव्हा गावात एखादा फोन असला तरी नवल. केरळनं २०११ साली नवा पोलीस कायदा केला. त्यातल्या कलम ३३ मध्ये पोलिसांच्या चित्रीकरणाबद्दल नियम आहे आणि त्याच कलमात नागरिकांसाठीही वाक्य आहे. पोलिसांच्या कारवाईचं, मग ती सार्वजनिक ठिकाणी असो की खासगी, कुणी नागरिक कायदेशीररीत्या चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण करत असेल, तर पोलीस अधिकाऱ्यानं त्याला अडवता कामा नये, असा त्याचा अर्थ.

कायदा झाला म्हणजे तिथला प्रत्येक पोलीस दुसऱ्या दिवशी बदलला असेल असं कुणी म्हणणार नाही. पण तिथल्या माणसाला बोट ठेवायला कलम आहे. आपल्याकडं बोट ठेवायचं तर थेट राज्यघटनेचं कलम १९, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्य. ते मोठं आहे, पण नाक्यावर हवालदाराला राज्यघटना समजावून सांगणं सोपं नाही. त्यासाठी हायकोर्ट गाठावं लागतं, आणि हायकोर्टापर्यंत जायला किती वर्षं लागतात ते वर्धा-पाथर्डीनं दाखवलंच आहे.

म्हणून मागणी साधी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात असं एक वाक्य यावं. कामात अडथळा न आणता, अंतर ठेवून केलेलं चित्रीकरण गुन्हा नाही, आणि ते अडवणं किंवा पुसायला लावणं ही शिस्तभंगाची बाब आहे, एवढं त्यात असलं तरी पुरे. पीडितांच्या ओळखीचे अपवाद त्यातच लिहावेत. प्रामाणिक पोलिसालाही त्याचा फायदाच होईल, कारण खोट्या आरोपाच्या वेळी पूर्ण व्हिडिओच त्याला वाचवतो.

तोपर्यंत आपण काय करायचं?

– अंतर ठेवा. पोलीस "मागं सरका" म्हणाले तर दोन पावलं मागं जा, पण शांत राहा. शिवी नको, अंगाला हात नको.

– सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढा. वेळ, तारीख आणि ठिकाण तोंडानं बोला.

– मूळ व्हिडिओ मोबाईलमध्ये तसाच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याची क्वालिटी घटते. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि तिथं मूळ फाईलच कामाला येते.

– ग्रुपवर टाकायच्या आधी तक्रार करा. पोलीस अधीक्षक, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, मानवी हक्क आयोग, किंवा थेट दंडाधिकाऱ्यांचं कोर्ट. तक्रारीची पोच घ्या.

– "एवढे द्या, नाहीतर व्हायरल करतो" असं चुकूनही म्हणू नका. ती खंडणी होते आणि तिथं तुमची बाजू संपते.

– ठाण्यात मारहाण झाली असेल तर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग जपून ठेवण्याचा अर्ज लगेच, लेखी द्या. उशीर झाला की ते मिळेलच याची खात्री नाही.

आणि पुढच्या वेळी आमदार गावात सभामंडपाच्या उद्घाटनाला आले की हा प्रश्न विचारा. आपल्या तालुक्याच्या ठाण्यातले किती कॅमेरे चालू आहेत? जिल्हा समितीची बैठक शेवटची कधी झाली? केरळसारखं वाक्य आपल्या पोलीस कायद्यात आणायचा प्रस्ताव तुम्ही विधानसभेत मांडणार का? उत्तर देताना त्यांचा व्हिडिओ काढायला हरकत नाही. त्यालाही कुठल्या कलमात बंदी नाही.